उत्तर: बुटीबोरीचे सर्व्हर, मुंबईचा क्लाउड आणि एकच पोर्टल

भाऊ, तुमचा प्रश्न असा: बुटीबोरीच्या प्लांटमधले अकरा सर्व्हर, एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचा क्लाउड) मुंबईतले चार आणि अझ्युरवरचे (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) दोन, हे सगळे अझ्युर आर्कने, म्हणजे बाहेरचे सर्व्हरही अझ्युरच्या पोर्टलवरून सांभाळायच्या सोयीने, एका जागी दिसतील का, आणि नेट गेलं तर प्लांट बसेल का?

आधी दुसरं. नाही बसणार. सर्व्हर आहे तिथेच चालतो, अझ्युरमध्ये फक्त त्याची नोंद राहते. एजंट, म्हणजे सर्व्हरवर बसवलेलं आर्कचं छोटं सॉफ्टवेअर, आतून बाहेर ४४३ पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटचा नेहमीचा मार्ग) बोलतो, फायरवॉलमध्ये आत यायचं दार उघडावं लागत नाही. दर ५ मिनिटांनी तो हजेरी लावतो. १५ मिनिटं गप्प राहिला की पोर्टलवर 'डिस्कनेक्टेड'. मात्र बंद पडलेलं मशीन तिथून चालू होत नाही, माणूसच धाडावा लागतो.

दिसतील का? हो. अझ्युरवरच्या दोघांत एजंट टाकू नका, ते आधीच तिथले आहेत.

आम्ही ठेच खाल्ली ती वेगळ्याच जागी. एका जिनिंगच्या वजनकाट्याचा सर्व्हर जोडला होता. कापसाचा हंगाम संपला, त्यांनी तो बंद करून वर कापड टाकलं. दसऱ्याच्या सुमारास चालू केला तर पोर्टलवर 'एक्सपायर्ड'! ४५ दिवस संपर्क नसला की असं होऊ शकतं, मग एजंट आपोआप परत जुळत नाही. पोर्टलवरची नोंद काढली, मशीनवर एजंट जबरदस्तीने डिस्कनेक्ट केला, पुन्हा जोडला. टॅग (ओळखीच्या चिठ्ठ्या) सगळे नव्याने. तेव्हापासून हंगामी मशीन महिन्यातून एकदा तासभर चालू ठेवायला सांगतो.

दुसरं, परवानग्या. इथे लोक फार ढिले असतात. सर्व्हरच्या पोर्टलवरच्या नोंदीवर ज्याला कॉन्ट्रिब्युटर (बदल करायची परवानगी) दिलं, तो तुमच्या सर्व्हरवर रूट किंवा सिस्टमच्या, म्हणजे सर्वात वरच्या अधिकारात स्क्रिप्ट चालवू शकतो. नुसतं बघणाऱ्याला रीडर द्या. मशीन जोडायला वेगळा ऑनबोर्डिंग रोल आहे, तोच वापरा. महत्त्वाच्या सर्व्हरवर कोणती एक्स्टेंशन (एजंटमार्फत बसणारी जोड-सॉफ्टवेअर) चालतील त्याची यादी मशीनवरच बांधून टाकता येते. डेटाबेसच्या सर्व्हरवर तर ती यादी टाकाच.

खर्च: यादी, टॅग, शोध फुकट. अपडेट मॅनेजर, डिफेंडर (सुरक्षा), लॉग (सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदी) यांचं मीटर फिरतं, आणि लॉगचं बिल हळूच वाढतं.

प्लांटमध्ये विंडोज सर्व्हर २०१२ किती उरलेत ते सांगा. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. वाढीव सिक्युरिटी अपडेट आर्कमधून विकत मिळतात, पण तेही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आकडा कळला की कोणते आधी जोडायचे ते बघू.