लहानपणी युद्धात क्षेपणास्त्रांचे हल्ले होत असताना घरात तुम्ही दिवस कसे काढले?

मी सांगते ते 1991 च्या आखाती युद्धाचं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, इस्राएलमध्ये लोद शहरात राहायचो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे. घरात मराठीच. आजीला हिब्रू जवळजवळ येत नव्हतं.

18 जानेवारीला रात्री दोनच्या सुमाराला पहिल्यांदा भोंगा वाजला. इराकची स्कड क्षेपणास्त्रं तेल अवीव आणि हैफावर पडली. इराकच्या सद्दामने 1988 मध्ये त्याच्याच देशातल्या हलब्जा गावात विषारी वायू सोडला होता, तोच आपल्यावर येणार ही सगळ्यांची धास्ती. म्हणून घरोघरी एक खोली बंद करून ठेवलेली: खिडकीला प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी, दाराच्या फटीशी सोड्याच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल.

रेडिओवर इशारा यायचा, "नहश त्सेफा". पहिल्या वेळी आजीने मला विचारलं, काय म्हणतोय गं? मी म्हटलं, विषारी साप. "म्हणजे फुरसं?" तिने लगेच विचारलं. तेव्हापासून भोंगा झाला की आमच्याकडे "फुरसं आलं" एवढंच म्हणायचे. आणि धोका टळला की रेडिओवर "शारव कावेद", म्हणजे उन्हाची कडक लाट. बाहेर जानेवारीतला गार पाऊस असायचा.

वायूपासून बचावासाठी प्रत्येकाला मास्क होता. सगळ्यात भीती मला आजीच्या मास्कची वाटायची. फिल्टरचं झाकण काढायचं राहिलं म्हणून काही माणसं मास्कमध्येच गुदमरून गेली, हे मोठ्यांच्या बोलण्यात मी ऐकलं होतं. त्यामुळे स्वतःचा मास्क चढवायच्या आधी मी तिच्या फिल्टरवर बोट फिरवून बघायचे. आई ओरडायची, आधी तुझा घाल! पण मला राहवायचं नाही. मास्कचे पट्टे आजीच्या अंबाड्यात अडकायचे. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून तिने अंबाडा घालणंच सोडलं, साधी वेणी घालून झोपायची. आत ती "शमा इस्राएल" ही आमची प्रार्थना म्हणायची. रबरातून शब्द कळायचे नाहीत, काच मात्र वाफेने पांढरी व्हायची.

सहा आठवड्यांत चाळीसच्या आसपास क्षेपणास्त्रं आली. वायू एकातही नव्हता. पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या रात्री दर वेळी तो असणारच, असं धरूनच आम्ही बसायचो.

28 फेब्रुवारीला युद्ध थांबलं, त्याच दिवशी आमचा पुरीमचा सण होता. बाबांनी खिडकीचं प्लास्टिक ओढलं तेव्हा चिकटपट्टीबरोबर भिंतीच्या रंगाचे पापुद्रे निघाले. आजी एलियाहू हन्नावीला, म्हणजे आमच्या एलियाहू प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलली होती. पुढच्या आठवड्यात तिने त्याच खोलीत ताट मांडलं: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. त्या दिवशी तिने पुन्हा अंबाडा घातला होता.