आषाढ, अधिक मास आणि बातम्या

राज्यात नि देशात हे असलं चाललेलं असताना पुस्तकं, खाणंपिणं आणि सिनेमे यांच्या गप्पा सुचतात तरी कशा, आणि सुचत असतील तर २०२३च्या जुलैत नक्की काय वाचलं, रांधलं, पाहिलं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या अर्ध्यात टोमणा आहे, पण तो रास्त आहे. त्याकडे येतेच. आधी दुसरं अर्धं.

२ जुलैच्या रविवारी दुपारी राजभवनात शपथविधी चालला होता तेव्हा माझ्या कढईत कापण्या होत्या. आषाढ तळायचा म्हणजे तळायचा. सकाळचे विरोधी पक्षनेते अजित पवार दुपारी उपमुख्यमंत्री झाले, पण वर्षापूर्वी शिवसेना फुटतानाचं सुरत-गुवाहाटी बघून झालं असल्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी फारसं दचकलं नाही. लिफ्टमध्ये एवढाच प्रश्न, 'आता पुढचा कोण?'

त्याच आठवड्यात 'सिंहासन' पुन्हा पाहिला. १९७९चा, जब्बार पटेलांचा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आणि तेंडुलकरांची पटकथा. आपलं सरकार पाडायचा कट शिजतोय असा निनावी फोन मुख्यमंत्र्यांना येतो आणि तिथून सगळी चक्रं फिरायला लागतात. पूर्वी मी अरुण सरनाईक आणि लागूंसाठी बघायचे. या खेपेला नजर निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसवरून हलेना. तो बातमीदार आहे, सगळं त्याच्या कानावर येतं, सगळे त्याच्याशी गोड बोलतात, आणि त्याच्या हातात काही म्हणजे काही नाही. शेवटी तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. रोज चॅनल बघणाऱ्या माणसाची अवस्था याहून वेगळी काय आहे? आणखी एक गंमत. मंत्रालयात या सिनेमाचं शूटिंग करायला परवानगी दिली ती तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवारांनी. ते स्वतः १९७८च्या जुलैत वसंतदादांचं सरकार पाडून त्या खुर्चीवर बसले होते. पंचेचाळीस वर्षांनी, पुन्हा जुलैतच, त्यांच्याच पक्षात तेच. काळ मोठा खट्याळ आहे.

'बाईपण भारी देवा'ही पाहिला. नऊवारी नेसून, नथी घालून बायकांचे घोळकेच्या घोळके थिएटरात. सिनेमा ठीक, थिएटर भन्नाट.

वाचन कमी झालं, पण जे झालं ते मुरलं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी त्या-त्या महिन्यात तो-तो लेख अशा बेताने वाचते. आषाढ वाचून झाला आणि गाडी अडली, कारण १८ तारखेपासून अधिक श्रावण लागला आणि अधिकासाठी दुर्गाबाईंनी लेख लिहिलेला नाही. मग आषाढच पुन्हा वाचला आणि त्यांचं 'खमंग' काढलं. झाडंपानं, पाऊस यांवर लिहिणाऱ्या बाईंनी स्वयंपाकावरही तेवढ्याच चवीने लिहिलंय.

अधिक म्हटला की जावयाला अनारशांचं वाण. तेहेतीसच हवेत वगैरे मी मानत नाही, पण अनारसे हवेत. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. मग उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे आणि हाताला दमट लागत असतानाच दळून चाळायचे. मुंबईच्या जुलैत ते लवकर वाळतच नाहीत. बाहेर धो धो, घरात पंख्याखाली पसरलेलं फडकं आणि भिजल्या तांदळाचा आंबूस वास. पिठाइतकाच किसलेला गूळ, चमचाभर तूप, आणि गोळे डब्यात ठेवून चार-पाच दिवस विसरायचं. तळताना अनारशाची खसखस लावलेली बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. तुपात पसरून हसायला, म्हणजे फुटायला लागला तर बाकीच्या पिठात थोडी तांदळाची पिठी मळा, सावरतं. या उद्योगात कढईवरून डोळा हलवता येत नाही. फोन तर हातात धरताच येत नाही, बोटं तुपाची असतात.

बाकी रोजचं साधंच. तेव्हा टोमॅटो शंभरीपार, म्हणून आमटीत कोकम. मासेमारी बंद, म्हणून सुका जवळा. स्टेशनबाहेर आदिवासी बायकांकडे टाकळा आणि कंटोळी मिळाली. टाकळा घ्या, कोवळा असेल तरच.

आता तुमचा टोमणा. मणिपूरमध्ये बायकांची विवस्त्र धिंड काढल्याचा तो व्हिडिओ बाहेर आला आणि त्याच सुमारास रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या दिवसांत मी काहीही वाचलं नाही, पाहिलं नाही, घरी खिचडी झाली. खाण्यापिण्याच्या गप्पा मारणाऱ्यांना काही लागत नाही असं मात्र समजू नका. १९७५च्या डिसेंबरात, ऐन आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनात केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. तरीही अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली ती याच दुर्गाबाईंनी. पुढे तुरुंगातही गेल्या. ऋतूंवर नि फोडण्यांवर लिहिणारी बाई सरकारपुढे वाकली नाही, आणि सरकारशी भांडतेय म्हणून तिने चांगलंचुंगलं खाणं सोडलं नाही. अमुक विषयाची माणसं गंभीर नि तमुक विषयाची थिल्लर, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही.

मी एवढंच केलं की चॅनल बंद केलं. सकाळी पेपर, अग्रलेखासकट. तेवढ्याने काही कळायचं राहिलं, असं आजवर झालेलं नाही. बिल्डिंगचा ग्रुप म्यूट, कारण तिथे दोन्ही राष्ट्रवादींचे आणि दोन्ही सेनांचे लोक आहेत आणि पाणी कधी येणार हे कोणीच लिहीत नाही. मतदार यादीत नाव आहे ना, तेही तपासलं. तुम्हीही तपासा, पत्ता बदलला असेल तर नक्कीच.

आणि तो अधिक १६ ऑगस्टपर्यंत होता. अधिकात वेळेवर तांदूळ भिजवलेत तर अनारसे आरामात होतात. तांदूळ जुना घ्या.