आजीचं ‘पुनर्वसन’

पवनी तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आजीला लकवा मारला, पुढे अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याच्या कागदावर ‘पुनर्वसन आवश्यक’ असं लिहिलेलं ऐकून आजी म्हणाली, “आता आपल्याले कोठं जा लागते बापा?” माणसाच्या बाबतीत हा शब्द बरोबर आहे का?

आजीचं काही चुकलं नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची. तेव्हापासून तिकडे पुनर्वसन म्हणजे गाव उठणं, प्लॉट आणि मोबदला. धरणग्रस्तांसाठी राज्याने कायदा केला तो त्याही आधी, 1976 मध्ये. शिवाय ‘वस्’ म्हणजे राहणे, तेव्हा धातूही आजीच्याच बाजूने.

संस्कृतात आणखी एक ‘वस्’ आहे, नेसणे या अर्थाचा. त्यावरून वसन म्हणजे वस्त्र. पुनर्वसन म्हणजे पुन्हा लुगडं नेसणे, असं कुणी म्हटलं तर ती व्युत्पत्ती खोटी. पण डॉक्टर मान डोलावतील! 1965 पासून त्यांच्याकडे बार्थेल नावाची एक मोजपट्टी आहे. रोजची 10 कामं, मिळून 100 गुण: जेवणं, अंघोळ, संडासला जाणं, खाटेवरून उठणं, जिना चढणं वगैरे, आणि त्यात कपडे घालणंही. लकव्याच्या रोग्याला ती लावतात, खुबा मोडलेल्यालाही. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं, पण म्हातारी संडासपर्यंत जाते का, ते एक्स-रे सांगत नाही.

आजीची दोन दुखणी तशी एकाच माळेतली. लुळ्या पायावर भार पडत नाही, म्हणून तिकडचं हाड विरळ होत जातं. तोलही बहुधा त्याच बाजूला जातो, आणि टेकायला हात वेळेवर पुढे येत नाही. पायावर भार घ्यायला लावतात तो चालण्यासाठी, तसाच हाडासाठीही.

तर शब्द चूक नाही, पण कागदापुरता आहे. काही जण ‘पूर्ववत करणे’ सुचवतात. मला तो पटत नाही. लकव्यानंतर सगळं पूर्वीसारखं होईल, असं वचन कोण देणार? घरात आपण म्हणतोच की, ‘उठतं-बसतं करणे’, ‘हिंडतं-फिरतं करणे’. कागदावर तेच लिहावं. नुसतं ‘चालतं करा’ मात्र नको. ‘चालते व्हा’ आजीने आयुष्यभर ऐकलेलं असणार. ती पुन्हा विचारेल, कोठं जा लागते बापा?