सात वर्षांचा एसी आणि जुना फ्रिज विकायचाय, बिलाच्या निम्मी किंमत मागितली तर चालेल का?

नाही चालणार. बिल बाजूला ठेवा. घेताना तुम्ही किती हजार मोजले, हे घेणाऱ्याच्या हिशेबात कुठेच नसतं. तो बघतो, आज तेवढाच नवा कितीला मिळतो.

हे मी इतकं ठामपणे सांगते, कारण आमच्या घरात या एका हिशेबावरून दोन वर्षं धुसफूस चालू आहे. सोलापूरच्या घरी बाबांसाठी दादाने 2018 च्या मे महिन्यात दीड टनाचा पंचतारांकित इन्व्हर्टर एसी घेतला, 43 हजारांना. बाबा गेल्यावर घर रिकामं करायचं माझ्यावर आलं, कारण दादा बंगळूरला. नोव्हेंबर 2023 मध्ये मी तो एसी 11 हजारांना दिला. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला आत्या-मामांसमोर एकच वाक्य: "हिने बाबांचा एसी भंगारात घातला, सहज 20 आले असते."

आले नसते. त्या वेळी तशाच नव्या एसीची सर्वांत कमी किंमत 36 हजार होती. पाच वर्षांच्या मशीनला मी त्याचे 40 टक्के धरले, म्हणजे 14,400. त्यातून काढण्या-बसवण्याचे दोन हजार आणि गॅस भरायचे अडीच हजार वजा केले. हा खर्च घेणाऱ्याच्या खिशातून जातो, तो मनातल्या मनात कापूनच बोलतो. उरले 9,900. मी हजार जास्तच घेतलेत.

आणि "पाच स्टार होता" हे तर दादाने बोलूच नये. जुलै 2022 मध्ये स्टारचे निकष कडक झाले. स्टिकरवर विजेच्या बचतीचा एक आकडा (ISEER) असतो. आधी तो 4.5 असला की पाच स्टार मिळायचे, तेव्हापासून 5 लागायला लागले. आमच्या स्टिकरवर 4.51 होतं, म्हणजे मी विकला तेव्हाच्या हिशेबाने चारच. मेकॅनिकने ते दारातच वाचून दाखवलं. शिवाय बाहेरच्या युनिटचं पीसीबी (सर्किट बोर्ड) एकदा बदललेलं, ते मी लपवलं नाही. बाबांनी कधी कुणाला फसवून वस्तू विकली नव्हती.

तुमच्या एसीला सात वर्षं झालीत, तर 40 ऐवजी 30 टक्के धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 चा 18 झाला, नवा स्वस्त झाला तसा जुनाही उतरला. कॉइल तांब्याची असेल तर ते आधी सांगा. घेणारा येईल तेव्हा एसी तासभर आधीपासून चालू ठेवा, गार हवेइतकी खात्री तोंडी पटत नाही.

फ्रिजचं फार सांगता येणार नाही. दाराचं रबर घट्ट असेल आणि कॉम्प्रेसर आवाज करत नसेल तर चार-पाच हजार मागून बघा.

एक मात्र मान्य करते, नोव्हेंबरात एसी विकणं चूकच. मार्चमध्ये दोनेक हजार जास्त मिळाले असते. आणि हे आकडे सोलापूरचे. पुण्यात भाडेकरू सतत बदलतात, तिथे जास्त मिळू शकतात.

वस्तू भावंडांनी मिळून घेतलेली असेल, तर विकण्याआधी आकडा व्हॉट्सॲपवर लिहून विचारा. मी दादाला फोन केला होता. "तुला काय वाटेल ते कर," म्हणाला. ते आता त्याला आठवत नाही.