पत्रकांवरच्या लाल रेघा

प्रश्न : माझा भाचा एका जहाल गटाच्या बैठकांना जातो. ‘हे सगळं जाळल्याशिवाय काही बदलणार नाही,’ असं घरातही बोलतो. असा गट पुढे हिंसेकडे वळेल का, हे आधी ओळखता येतं?

उत्तर : थोडंफार येतं, पण भाषेवरून नाही. अशा गटांची पत्रकं वाचण्यातच माझी सगळी नोकरी सरली. सुरुवातीला जळजळीत वाक्यांखाली लाल रेघा मारायचो. पुढे सोडून दिलं. रेघा सगळ्यांच्याच पत्रकांवर पडत होत्या.

रशियातली ‘जमीन आणि स्वातंत्र्य’ ही गुप्त संघटना १८७९ मध्ये फुटली. एका गटाने १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याला बॉम्बने मारलं. क्रांतिकारक विचारवंत प्लेखानोव्ह ज्या दुसऱ्या गटात होते, त्याने दहशतीचा मार्ग नाकारला. दोघांचं मूळ एक, मागे लागलेले पोलीसही तेच. म्हणून मी आधी फूट बघतो : कोण बाहेर पडलं, कशावरून, आणि आत ‘थांबा’ म्हणणारं कोणी उरलं का.

एकाच कारणावर बोट ठेवायचा मोह मात्र टाळावा. जपानमधल्या ओम शिनरिक्यो पंथाचे २५ उमेदवार १९९० च्या निवडणुकीत पडले आणि १९९५ मध्ये पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. पराभवाने बिथरले, असं सांगायला सोपं जातं. पण पंथाविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलाचा, त्याच्या बायकोचा आणि तान्ह्या मुलाचा खून त्यांनी १९८९ मध्येच केला होता.

शिवाय गणित आडवं येतं. समजा, १०,००० तापट माणसांत १० खरोखर हिंसा करणार आहेत. दहात नऊ वेळा बरोबर येणारी कसोटी लावली, तर ९ सापडतील. सोबत ९९९ निरपराधही अडकतील. त्यांना विनाकारण छळलं की जहालांना आयती भरती मिळते. (आमच्या साहेबांना हे कधी पटलं नाही.)

भाच्याशी वाद घालत बसू नका. जुने मित्र अजून भेटतात का, गटातल्या कोणाचं त्याला पटत नाही, हे सहज विचारा. तो चिडून का होईना, बोलत असेल तर बोलू द्या. बोलण्यात ‘व्यवस्था’ जाऊन एखाद्या माणसाचं नाव, त्याची येण्याजाण्याची वेळ, हत्याराची जुळवाजुळव येऊ लागली, तर मात्र मला पत्र लिहीत बसू नका. त्याच दिवशी पोलिसांना सांगा.