हिस्टोचं टेबल : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून एका लॅबमध्ये लागले, दोन महिने झाले, मला हिस्टोत (हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांची तपासणी) टाकलंय. मैत्रिणी बायोकेमिस्ट्रीत आहेत, त्यांना मशीन सगळं करून देतं आणि मी दिवसभर तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक कापतेय. रिबन (कापांची सलग पट्टी) येतच नाही, आली तर चुरगळते, सर ओरडतात. बदली मागू का?
एक वाचक, अकोला

उत्तर : अगं, दोन महिन्यांत रिबन कुणालाच जमत नाही, मला नीट जमायला वर्ष गेलं. बदली मागायची तर खुशाल माग पण रिबनसाठी नको मागूस, कारण त्याला उपाय आहे. अकोल्याचं ऊन, त्यात कापताना पंखा लावता येत नाही, रिबन उडते, मग खोली तापते, ब्लॉक मऊ पडतो आणि सेक्शन (पातळ काप) गोळा होतो. ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर दहा मिनिटं उपडा ठेव, चार-सहा सेक्शन घेतलेस की परत बर्फावर. उभी चीर दर वेळी एकाच जागी येत असेल तर ब्लेडला तिथं खाच पडलीय, ब्लेड सरकव. आडव्या पट्ट्या दिसल्या तर ब्लेड किंवा ब्लॉक ढिला आहे का बघ, नाहीतर हात फार जोरात फिरतोय. आणि टिश्यूच ब्लॉकमधून गळून पडत असेल तर तुझं कापणं चुकत नाहीये, प्रोसेसिंग, म्हणजे टिश्यूतलं पाणी काढून त्यात मेण भरणं, कच्चं राहिलंय, अल्कोहोलनं पाणी पूर्ण काढलं नाही की झायलीन (मेण विरघळवणारं द्रव) आत शिरत नाही आणि झायलीन नाही शिरलं की मेण पण नाही, हे सरांना स्पष्ट सांग.

मैत्रिणींकडे सँपल सांडलं तर पेशंटला बोलावून परत रक्त घेता येतं. आपल्याकडे एंडोस्कोपीचा तुकडा येतो मोहरीएवढा, पांढऱ्या मेणात दिसतसुद्धा नाही म्हणून आम्ही त्यावर आधीच इओसिनचा (गुलाबी रंगाचा) थेंब टाकतो, आणि ट्रिमिंग (वरचं मेण कापून तुकडा उघडा पाडणं) करताना दोन वळसे जास्त फिरवले की तो संपला, त्या माणसाच्या पोटात परत दुर्बीण घालावी लागणार. आपण कापतो ३-४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बघ. एम्बेडिंगला (तुकडा मेणात बसवायला) पण घाई करू नकोस. कातडीचा तुकडा उभाच बसवायचा, आडवा पडला तर वरचा थर आणि खालचा थर एका सेक्शनमध्ये दिसतच नाहीत, मग पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइडवर बघायचं काय?

एक गोष्ट सांगते, ती आजही आठवली की पोटात गोळा येतो. नवीन असताना वॉटर बाथ (सेक्शन पसरवायचं कोमट पाणी) न पुसता मी पुढचा ब्लॉक कापला. आधीच्या पेशंटचा एक कण पाण्यावर तरंगत होता, तो दुसऱ्याच्या स्लाइडवर चढला. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना कातडीच्या तुकड्याशेजारी ग्रंथीच्या पेशी दिसल्या, त्यांनी मला बोलावून ब्लॉक परत कापायला लावला म्हणून निभावलं, नाहीतर कॅन्सर नसलेल्या माणसाच्या नावावर कॅन्सर लागला असता. तेव्हापासून दर ब्लॉकनंतर टिश्यू पेपरनं पाणी पुसते आणि स्लाइडवर नंबर मी कापायच्या वेळीच टाकते, ढीग करून नंतर कधीच नाही. तू पण हेच कर.

आणि फॉर्मालिनचा (तुकडा सडू नये म्हणून वापरतो ते फॉर्मल्डिहाइडचं पाणी) वास सहन करत बसू नकोस. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं असं डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं जाहीर केलेलं आहे, एक्झॉस्ट बंद असेल तर तो चालू होईपर्यंत रोज सांग.

प्रश्न : वडिलांची बायोप्सी झाली, बाटली आमच्याच हातात देऊन लॅबमध्ये न्यायला सांगितली. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला पाच दिवस का?
एक वाचक, सातारा

उत्तर : फॉर्मालिन टिश्यूत साधारण तासाला एक मिलीमीटर शिरतं, त्याला घाई करता येत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या तुकड्याला तर ६ ते ७२ तास द्यावेच लागतात, नाहीतर पुढच्या हार्मोनच्या टेस्ट चुकतात. मग रात्रभर प्रोसेसर, मग ब्लॉक, कापणं, स्टेन (रंग देणं), आणि हाड असेल तर त्यातलं कॅल्शियम काढायला अजून काही दिवस. तुम्ही एवढंच बघा, बाटलीत फॉर्मालिनच आहे ना, सलाइन नाही, आणि तुकड्याच्या निदान दहापट आहे ना. नाव झाकणावर नको, बाटलीवर हवं, कारण झाकणं बदलली जातात. फ्रीजमध्ये बिलकुल ठेवू नका.

पुढं परळला टाटाला दाखवायची वेळ आली तर ते स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतात, लॅबकडून मागून घ्या. आणि प्रवासात ते ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.