म्युटेशन निघालं, मग लेकीचं काय?

"मॅडम, हे मुलीलाही होणार का? पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे तिचा. मुलाकडच्यांना सांगावं लागेल?"

सांगलीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पन्नाशीतल्या पत्नीला फुप्फुसाचा अॅडेनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार) झालेला आणि रिपोर्टवर 'ईजीएफआर म्युटेशन', म्हणजे ईजीएफआर नावाच्या जनुकात झालेला बदल. जनुकातला बिघाड म्हणजे घराण्यात आलेला रोग, असं गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून काकूंनी लेकीशी नीट बोलणंच सोडलं होतं.

मी आधी लेकीला आत बोलावलं. हे तिच्यासमोरच बोलायला हवं होतं.

काका, हा बदल काकूंना जन्मापासून नव्हता. फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत तो पुढे कधीतरी घडला आणि तिच्यापासून गाठ वाढली. एका फांदीला लागलेली कीड बियाण्यात उतरत नाही, तसंच हे. मुलं होतात त्या बीजपेशींत हा बदल नसतो, त्यामुळे तो मुलीकडे जात नाही. जन्मजात ईजीएफआर दोष असलेली कुटुंबं जगात सापडली आहेत, पण फारच थोडी. घरात अनेकांना, तेही कमी वयात, असा कॅन्सर झाला असेल तर वेगळी रक्ततपासणी करतात. यांच्याकडे तसं कुणीच नव्हतं.

"मग आमच्याच वाट्याला का?" काकूंनी विचारलं. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नव्हता, तरी पाहुण्यांनी तोच प्रश्न विचारून त्यांना हैराण केलं होतं. मला याचा फार राग येतो. आपल्याकडे अॅडेनोकार्सिनोमाच्या 100 पेशंटमागे साधारण 25 ते 30 जणांत ईजीएफआर म्युटेशन सापडतं. पूर्व आशियात ते जवळपास निम्म्यांत, तर युरोपीय वंशाच्या लोकांत 10 ते 15 जणांत. बायकांत आणि धूम्रपान न करणाऱ्यांत प्रमाण जास्तच. एएलके नावाच्या दुसऱ्या जनुकातला बदल त्याहून कमी, आरओएस1 या जनुकातला तर 100 मध्ये एक-दोघांत.

या बदलांवर गोळ्या आहेत, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. काकूंचं म्युटेशन 'एक्झॉन 19 डिलिशन' (जनुकाचा छोटा तुकडा गळालेला), म्हणजे नेहमी आढळणाऱ्या दोन प्रकारांपैकी एक. त्यावर जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिबसारखी औषधं चांगली लागू पडतात. अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करायचा.

लेकीने शेवटी विचारलं, "आई पूर्ण बरी होईल?"

आजार पसरलेला होता, म्हणून खरंच सांगितलं. गोळीने गाठ आटोक्यात राहते, बऱ्याच जणांत वर्षभर किंवा त्याहून अधिक. पुढे गाठ औषधाला जुमानेनाशी झाली की पुन्हा बायोप्सी किंवा रक्तातून तपासणी करतात, आणि पुढचं औषध त्यावर ठरतं. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग आईकडे वळून म्हणाली, "साखरपुड्याला तूच ओटी भरायचीस."